तिसऱ्यांदा न मोजलेली रांग

त्या हिवाळ्यात आमची इंजिनिअर कंपनी राजस्थानच्या सीमेवर होती. वर्षभरापूर्वी मोठी जमवाजमव झाली तेव्हा तिथले भूसुरुंग आम्हीच पेरले होते. युद्ध झालं नाही. फौजा मागं सरकल्या आणि पेरलेलं काढायचं काम आमच्याकडं आलं. मी तेव्हा हवालदार होतो. हाताखाली दहा सॅपर, म्हणजे इंजिनिअर पलटणीचे जवान.

पुढं मी नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो. गाव भालकी तालुक्यात. घरी आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी झाली, म्हणून मराठीत लिहितो. जे लिहिणार आहे त्याबद्दल मी एकदा साक्ष दिली आहे. ती साक्ष खोटी होती.

सुरुंग पेरताना कागदावर नोंद होते. रांगा किती, रांगेत सुरुंग किती, खुणेच्या दगडापासून किती पावलांवर. काढताना तोच कागद हातात असतो. पण वाळू एका जागी राहत नाही. वाळू सरकते, तिच्याबरोबर सुरुंगही सरकतो. म्हणून आधी डिटेक्टर फिरवायचा, मग गुडघ्यावर बसून लोखंडी सळईनं तिरपं टोचत जायचं. सळई कशाला अडली की थांबायचं आणि हातानं वाळू बाजूला करायची. अर्ध्या तासानं माणूस बदलायचा. त्यापुढं हाताचं आणि डोक्याचं जमत नाही. साफ झालेल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून पांढरी टेप लावायची. टेपच्या आत चालायला मोकळीक. बाहेर पाऊल टाकायचं नाही.

निघालेले सुरुंग पार्टीचा कमांडर दोनदा मोजतो. दोन्ही आकडे जुळले तर कागदावर सही. नाही जुळले तर तिसऱ्यांदा मोजायचं. तरी एक कमी भरला तर लाल झेंडी लावून रांग बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी सगळी पट्टी पुन्हा टोचायची.

काम सुरू झालं आणि आठवड्यात रमजान लागला.

आमचे साहेब पंजाबचे, नायब सुभेदार. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं.

"इस्माईल, माइन का काम है. रोजा बाद में रख लेना. तुम्हारे यहाँ छूट है, मुझे पता है."

"कोई दिक्कत नहीं, साब."

"सोच लो."

"सोच लिया, साब."

सवलत होती, हे मलाही ठाऊक होतं. प्रवासात असलेल्या माणसाला, घरापासून दूर असल्या कामावर असलेल्या माणसाला रोजा पुढं ढकलता येतो. रमजान सरल्यावर तेवढे दिवस भरून काढायचे. लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण पलटणीत इस्माईलचा रोजा कधी सुटत नाही असं सगळे म्हणायचे. बर्फात सुटला नाही, कोर्समध्ये सुटला नाही. लोक असं म्हणतात हे मला आवडायचं. एवढं मी आज लिहू शकतो. तेव्हा मनातल्या मनातसुद्धा कबूल केलं नसतं.

माझ्या पार्टीत बसवराज नावाचा सॅपर होता. वय चोवीस. आळंदजवळच्या खेड्यातला, लिंगायत घरचा. गळ्यातलं इष्टलिंग वर्दीच्या आत. आमच्या भागातले आम्ही दोघंच, त्यामुळं चारचौघांत तो मला उस्ताद म्हणायचा आणि एकटे असलो की अण्णा.

रमजानातल्या एका दिवशी दुपारी दोनच्या विश्रांतीत तो माझ्याजवळ येऊन बसला.

"अण्णा, ओठ बघा की आरशात. वाळवण घातल्यावानी झालेत."

"तू तुझं जेव."

"जेवायलोयच. तुमी कामून न्हाई? तुमच्या अल्लाहला ठावं न्हाई का, तुमी सुरुंग काढायलाव म्हणून?"

"ठावं हाय."

"मग? त्यो काय हजेरी घ्यायलाय का हितं?"

"बसव्या, गप जेव."

तो हसला. डब्यातली अर्धी चपाती त्यानं कागदात गुंडाळली आणि माझ्या पिशवीत ठेवली. "संध्याकाळी खा," म्हणाला.

तीन चाळीसला तिसरी रांग संपली. कागदावर अकरा सुरुंग होते. निघालेले सुरुंग साठ पावलांवर एका खड्ड्याजवळ ओळीनं ठेवले होते. मी गेलो आणि मोजले. दहा भरले. पुन्हा मोजले. अकरा भरले. डोळ्यांपुढं वाळू हलत होती. जीभ टाळूला चिकटली होती. तिसऱ्यांदा मोजायचं तर ओळीच्या पहिल्या टोकाला परत जायचं होतं, फार तर आठ पावलं. मी गेलो नाही. अकरा लिहिले, सही केली आणि टेप पुढं सरकवायला सांगितलं. त्या दिवशीच्या सगळ्या रांगांचे सुरुंग पाच वाजता एकाच खड्ड्यात घालून उडवून दिले. त्यानंतर मोजायला काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बसवराज तिसऱ्या रांगेच्या पट्टीतून चौथ्या रांगेकडं डिटेक्टर घेऊन चालला होता. मी चाळीस पावलं मागं होतो. आवाज झाला. धूळ खाली बसली तेव्हा तो टेपच्या पलीकडं पडलेला दिसला. स्फोटानं त्याला उचलून फेकलं होतं.

"कोई नहीं हिलेगा! जो जहाँ है, वहीं!" मी ओरडलो.

वायरलेस सेटवर बोललो. "कॅज्युअल्टी वन. सीरियस. अँब्युलन्स भेजो. ओव्हर."

"रॉजर. बीस मिनट. ओव्हर."

आता त्या पट्टीचा भरवसा उरला नव्हता. मी गुडघ्यावर बसलो आणि सळईनं टोचत निघालो. चाळीस पावलांना चौदा मिनिटं लागली. चौदा मिनिटं तो आवाज देत होता. पहिल्यांदा उस्ताद म्हणून. मग अण्णा म्हणून. मग नुसतं पाणी मागत होता.

पोचलो तेव्हा शुद्धीवर होता. मी मांडीला पट्टा आवळला.

"अण्णा, पाणी."

माझ्या कमरेला बाटली नव्हती. रोज्यात लागत नाही म्हणून मी ती तंबूतच ठेवत होतो. त्याची बाटली फुटली होती. अशा जखमीला पाणी द्यायचं नसतं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. पण मी दिलं नाही ते त्या कारणानं नव्हे. माझ्याजवळ नव्हतंच.

नऊ वाजून पाच मिनिटांनी, अँब्युलन्समध्ये, तो गेला.

साहेबांनी मला जागा पुन्हा टेप लावून बंद करायला सांगितलं. स्फोटानं टेप तुटली होती, दोन खुंट्या उडाल्या होत्या. स्फोटाचा खड्डा पट्टीच्या आत होता, काठापासून हातभर. मी एकटाच होतो. खुंट्या ठोकताना मी त्या दोन हात आत ठोकल्या. टेप लावली तेव्हा खड्डा बाहेर गेला.

आठवड्यानं चौकशी बसली. अधिकाऱ्यानं विचारलं, "सॅपर टेप के बाहर गया था?"

"जी साब."

"तुमने रोका नहीं?"

"मना किया था, साब. सुना नहीं."

शेजारचा पट्टा अजून साफ झालेला नव्हता. तिथला सुरुंग वाळूबरोबर सरकला आणि जवान बेपर्वाईनं त्यावर गेला, असं ठरलं. माझा कागद बरोबर होता. अकराला अकरा.

त्या ईदला मी नमाज पढलो नाही. पोटदुखी सांगितली. खरं असं की मी अल्लाहवर रागावलो होतो. तुझ्यासाठी उपाशी राहिलो, थेंबभर पाणी प्यायलो नाही, आणि तू माझ्यासमोर हे केलंस. असं रोज मनात म्हणायचो. रागात एक सोय होती. जोवर गुन्हेगार तो होता, तोवर मी नव्हतो.

वीसहून जास्त वर्षं हे चाललं. निवृत्त झालो. दोन ईदना लोकांत उभा राहायचो, ओठ हलवायचो. बायकोनं एकदाच विचारलं, "दिल में क्या है तुम्हारे?" मी पेपर वाचत राहिलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. ती गेली तेव्हाही मी तिला सांगितलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बिदरला, नौबादमध्ये, माजी सैनिकांचं जेवण होतं. शेजारी आळंदकडचा एक जण बसला होता. बोलता बोलता त्यानं बसवराजचं नाव काढलं. मी बसवराजला ओळखत होतो हे त्याला माहीत नव्हतं.

"त्याची माय लई कडू बाई बघा," तो म्हणाला. "शाळेत सत्काराला बोलावलं तर आली न्हाई. म्हणली, कशाचा सत्कार? हवालदारानं नको म्हणलेलं असताना गेला मरायला. पोराचा फोटो पेटीत घालून ठिवलाय. भिंतीला लावू देत न्हाई."

मी ताटावरून उठलो.

भालकीत आमच्या मशिदीचे हाफिजसाहेब घड्याळं दुरुस्त करायचं दुकान चालवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो.

"अल्लाह से नाराज हूँ," मी म्हणालो.

मला वाटलं कानाला हात लावतील. त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढून ठेवलं.

"कब से?"

"बीस साल के ऊपर."

"तो उसीच कू बोलो ना. मेरेकू कायकू बोल रैं?"

मग ते शांतपणे बोलले. याकूब पैगंबर मुलाच्या दुःखात रडून रडून आंधळे झाले. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, पण अल्लाहपुढंच घातलं, त्याच्याकडं पाठ करून नाही. आपल्या पैगंबरांनी लहानगा मुलगा गेला तेव्हा डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. सब्र करणं, धीर धरणं, म्हणजे तोंड शिवून बसणं नव्हे. मुसल्ल्यावर, नमाजाच्या चटईवर, उभे राहा आणि तिथं भांडा. तो ऐकून घेईल.

मग म्हणाले, "एक बात है सुभेदारसाब. झगडने कू जाते वखत अपना करा हुआ उसके नाम पे डालके मत जाना. उसकू मालूम रैता."

मी घरी आलो. बायको गेल्यापासून तिचा मुसल्ला कपाटात होता. तो अंथरला. उभा राहिलो आणि नेहमीचं सुरू केलं, तुझ्यासाठी उपाशी राहिलो. ते वाक्य पुढं गेलं नाही.

चार दिवसांनी आळंदची बस धरली.

बसवराजची आई माझ्याहून थोडी मोठी. ओसरीत तूर पाखडत होती. मी नाव सांगितलं, पलटण सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मी तो घेतला नाही.

"अक्का, आधी ऐका. तुमचा पोरगा टेपच्या आत हुता."

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. दहा आणि अकरा. खुंट्या. साक्ष. पाणी.

"म्हंजे त्येला कुणी नको म्हणलं नव्हतं?"

"न्हाई. मीच जा म्हणलं हुतं. वाट साफ हाय म्हणलं हुतं."

"यप्पा," ती म्हणाली. मग, "वीस वरसं मी त्येला शिव्या घालायले. सणाला त्येच्या नावाचा घास काढला न्हाई. लेकराला."

मी मान खाली घातली होती.

"तुमच्या देवानं सांगितलं हुतं का, उपाशी ऱ्हावून सुरुंग काढा म्हणून?"

"न्हाई अक्का. देवानं जेव म्हणून सांगितलं हुतं. मीच आयकलं न्हाई."

हे मी पहिल्यांदाच तोंडानं बोललो. बोललो आणि माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी ज्याच्यावर रागावलो होतो, त्यानं तर मला रोज्यातून आधीच मोकळं केलं होतं. त्या दिवसापुरतं. मी त्याची सूट परत केली आणि तिची किंमत बसवराजनं दिली.

"माफी मागायला आलाव का?"

"न्हाई. खरं सांगायला आलोय."

"बरं झालं. माफी माझ्यापाशी आज न्हाई. उंद्या असंल का ठावं न्हाई." ती उठली, पदर खोचला. "हितं नका सांगू. भाईर चला. गावाला मी सांगितलंय त्यो आयकत न्हवता म्हणून. आता तुमी सांगा."

मारुतीच्या देवळापाशी कट्ट्यावर आठ-नऊ माणसं बसली होती. तिनं त्यांना कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. सगळे माझ्याकडं बघू लागले. मी सावधान उभा राहिलो. दुसरं कसं उभं राहावं ते सुचलं नाही. सगळं पुन्हा सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "आता कामून सांगायलाव? तुमी मेल्यावरच सांगायचं हुतं." कुणी हसलं नाही. मी म्हणालो, "उशीर झाला. व्हय."

रेकॉर्ड ऑफिसला मी तीन पत्रं पाठवली आहेत. सही केलेला कबुलीजबाब जोडला आहे. उत्तर आलेलं नाही. शिक्षा झाली तर ती माझी आहे.

नमाज आता पाच वेळा होते. भांडण संपलेलं नाही. अल्लाहला विचारतो, मी तिसऱ्यांदा मोजलं नाही हे तू बघत होतास, मग तो एक सुरुंग वाळूत थंड का पडू दिला नाहीस? पण आता हे विचारताना मी समोर उभा असतो, आणि माझं जे आहे ते माझ्या नावावर सांगून झालेलं असतं.

मी ही नोंद आता पूर्ण करतो. सॅपर बसवराज, आळंद तालुका. सेवा पाच वर्षं. सळई हातात धरली की त्याचा हात कधी थरथरला नाही. पार्टीत सगळ्यांत जास्त सुरुंग त्यानं काढले. थट्टा करायचा, पण दिलेली ऑर्डर त्यानं एकदाही मोडली नाही. त्या सकाळी मी त्याला ज्या वाटेनं जा म्हणालो, त्याच वाटेनं तो गेला.