रिकाम्या हातांची ड्यूटी

इमर्जन्सीत त्या सिस्टरांना सगळे ‘खांब’ म्हणत. पेशंटचं हृदय थांबलं की बाकीचे धावत सुटत, आणि या नुसत्या उभ्या राहत, पेशंटच्या माणसाशेजारी. सुई नाही, औषध नाही, हात रिकामे.

“उभं राहण्याचा पगार बरा मिळतो हो तुम्हाला,” वॉर्डबॉय चिडवायचा.

“तू एकदा राहून बघ, मग बोल,” एवढंच त्यांचं उत्तर.

पूर्वी नातेवाइकांना बाहेर काढायला त्यांच्याइतकं पटाईत कुणी नव्हतं. मग एकदा एक आई, मुलगा जाऊन बरेच महिने झाल्यावर, परत आली. भांडायला नव्हे. तिला फक्त विचारायचं होतं की आत त्याच्यापाशी कुणी होतं का. सिस्टरांनी सांगितलं, पण तिचा विश्वास बसला नाही. बसावा तरी कशाच्या आधारावर? तेव्हापासून घरच्या माणसाला आत राहू द्या म्हणून त्यांनी मोठ्या डॉक्टरांचा पिच्छाच पुरवला. अखेर ते राजी झाले, पण अट घालून: माणूस एकच, आणि त्याच्याजवळ अशी सिस्टर जी दुसऱ्या कशालाही हात लावणार नाही.

त्या दिवशी दुपारी इस्त्रीवाल्याला आणलं. दुकानात उभ्या उभ्याच कोसळला होता. मागोमाग बायको आणि मुलगा.

“आईला आत नको, सिस्टर,” मुलगा म्हणाला. “तिला बघवणार नाही.”

“तू गप रे! लग्न झाल्यापासून रोज मीच उठवते त्यांना. आजच मी बाहेर बसू?”

सिस्टरांनी तिला खांद्यांना धरून आपल्याकडे वळवलं. “मावशी, आत जे दिसेल ते चांगलं नसेल. नको वाटलं की माझा हात दाबा, लगेच बाहेर येऊ. चालेल?”

“चालेल. चला आधी.”

आत खाटेच्या पायथ्याशी जागा होती. तिने नवऱ्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

“हे काय करतायत?”

“हृदय थांबलंय. छाती दाबून रक्त फिरवतायत.”

कट्ट असा आवाज झाला. तिने दचकून वर पाहिलं.

“बरगडी मोडली असेल,” सिस्टर म्हणाल्या. “इतक्या जोरानं दाबावंच लागतं.”

“दुखत असेल हो त्यांना.”

“शुद्ध नाहीये त्यांना. बहुतेक काही कळत नसेल.”

शॉक देताना सिस्टरांनी तिची बोटं पावलावरून हलकेच सोडवली आणि तिला मागे घेतलं. पलीकडे नवी नर्स शीर शोधत होती. सुई आत गेली, निसटली, पुन्हा गेली. सिस्टरांची बोटं आपोआप वळली. मावशींच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“तुम्हाला येतं ना ते?”

“येतं.”

“मग जा की! माझ्यापाशी काय उभ्या?”

एक पाऊल पुढे पडलंसुद्धा. तेवढ्यात मावशींचा तोल गेला. सिस्टरांनी तिला काखेखाली धरलं.

“तिलाही येतं, मावशी. मी इथेच आहे.”

नर्सला शीर सापडली. औषध गेलं, पुन्हा छाती दाबली, पुन्हा शॉक. मॉनिटरवरची रेघ काही उठेना. डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. पुढचं सांगणं सिस्टरांचं काम.

“मावशी, करण्यासारखं होतं ते सगळं झालं. आता डॉक्टर थांबतील. त्याआधी यजमानांशी बोलायचंय?”

ती डोक्याशी गेली. छाती दाबणारा डॉक्टर घामाने निथळत होता, तरी ती बोलेपर्यंत त्याने हात थांबवले नाहीत.

“अहो,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली, “आज नाही उठवत. निजा तुम्ही.” मग त्या डॉक्टरच्या कोपराला हात लावला. “राहू दे रे, बाळा.”

त्याने हात काढून घेतले. सिस्टरांनी मुलाला आत घेतलं. तो दाराशीच थिजला.

“आई, यांनी केलं ना काही?”

मावशींनी त्याला जवळ ओढलं. “ये, सांगते. आधी छाती दाबली. मग सुई टोचली, औषध दिलं. मग शॉक दिला. मग परत छाती...”

क्रम थोडा चुकला होता. मावशींचा एक हात अजून सिस्टरांच्या मनगटावर घट्ट होता. तो सुटेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.