चोविसावं फडकं

मी नोकरीत नेमकं काय करते, हे आरमोरीला आमच्या घरी मला आजवर धड सांगता आलेलं नाही. आईच्या लेखी मी "लाईनवाली" आहे. भद्रावतीजवळच्या ज्या केंद्रात मी काम करते, तिथे आम्ही वीज सरळ करतो. औष्णिक केंद्रातून येणारी वीज सेकंदाला कितीदा तरी दिशा बदलते. तिला एकाच दिशेने वाहायला लावलं की ती फार लांब जाते आणि वाटेत कमी गळते. हे काम करणारी थायरिस्टरची चकती अनारशाएवढी असते. अशा शेकडो चकत्यांचे मनोरे, म्हणजे आमचे व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह हॉलच्या छताला उलटे टांगलेले आहेत. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी आ वासून उभी राहिले होते.

"म्याडम, तोंड मिटा," मागून आवाज आला. "माशी जाईन, अन् मंग ते माशी आमालेच शोधा लागन."

हे आमचे भाऊ, केंद्रातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. केंद्र उभं राहिलं तेव्हापासून ते इथेच. मनोऱ्याचा प्रत्येक नटबोल्ट त्यांच्या हाताखालून गेलेला, पण केंद्र चालू करण्याची शेवटची कमांड त्यांनी कधीच दिली नव्हती. ती नियंत्रण कक्षात बसणाऱ्याने द्यायची. म्हणजे माझ्यासारख्या कालच्या पोरीने. मला याचा राग यायचा. भाऊंना येत नसावा, निदान ते तसं दाखवत नसत.

वर्षातून एकदा सगळं बंद करून आम्ही मनोरे हाताने पुसतो. त्या वर्षी हे काम ऑगस्टात आलं आणि त्याचा शेवटचा दिवस हाच भाऊंच्या नोकरीचाही शेवटचा दिवस निघाला. आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी वरून परवानगी आणली : या वेळची कमांड भाऊ देतील, साहेब शेजारी बसतील. मात्र साडेपाचला ड्युटी संपायच्या आत. भाऊ "बरं" एवढंच म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दिवसभर त्याला कुणाचा हात लागू दिला नाही.

आमच्याकडे नियम असा, की हॉलमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू मोजून आत जाते आणि मोजूनच बाहेर येते. पाने, टॉर्च, पुसायची पांढरी फडकीसुद्धा. एखादं फडकं मनोऱ्यात अडकून राहिलं आणि त्यावर लाखो व्होल्ट आले, तर पुढचं बोलायलाच नको. दुपारी दोनला मोजणी झाली. चोवीस फडकी आत गेली होती, बाहेर आली तेवीस.

साहेबांनी दार बंद करू दिलं नाही. आम्ही शिडीवर चढलो, यंत्राच्या पाळण्यातून वर गेलो, थराथरात टॉर्च मारले. हवा बंद होती, अंगातून नुसत्या धारा वाहत होत्या. तीन वाजले, मग चार. मी सगळ्यांवर खेकसत होते. "मोजणाऱ्यालेच मोजता येत नाई का?" असंही बोलून गेले. भाऊ मात्र घड्याळाकडे एकदाही न बघता पुन्हा पहिल्या थरापासून शोधायला लागले.

साडेचारला घाम पुसायला मी हेल्मेट काढलं. खाली उभे असलेले भाऊ माझ्याकडे बघतच राहिले.

"म्याडम, रोवणीले आल्या का तुमी?"

मी डोक्याला हात लावला. धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आमच्याकडे बाया डोक्याला फडकं बांधूनच बांधीच्या चिखलात उतरतात. मीही लहानपणापासून तेच केलं होतं. सकाळी घाम डोळ्यांत उतरायला लागला तेव्हा हाताने आपोआप गाठ मारली असणार, आणि वर हेल्मेट चढवलं. काखेत कळसा नि गावाला वळसा! सगळा हॉल हसला. मला हसू येईना. या माणसाची एकुलती एक संधी मी डोक्याला बांधून फिरत होते.

"माफ करा भाऊ," म्हणत मी त्याच फडक्याने डोळे पुसले.

"रडून काऊन राह्यली, पोरी?" ते म्हणाले. पहिल्यांदाच म्याडम सोडून पोरी. "सापडलं ना? व्हॉल्व्हात सापडलं असतं तं रडाचं होतं."

दारं लागली, सुरक्षेसाठी जोडलेलं अर्थिंग काढलं, थंड पाण्याचे पंप सुरू झाले. घाई केली असती तर कदाचित जमलं असतं, पण घाईला सगळ्यात जास्त विरोध भाऊंचाच. तयारी संपली तेव्हा सव्वासहा झाले होते. भाऊंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि मला खुर्ची दाखवली. "बस, दे कमांड."

साहेबांनी ते ओळखपत्र उचलून परत त्यांच्या गळ्यात घातलं. "शाल अन् नारळ अजून माझ्या कपाटात आहे. ते दिल्याशिवाय निरोप झाला असं कोण म्हणते? वर फोन केला मी. काम अर्धं टाकून ड्युटी संपत नाही, म्हणलं. हो म्हणाले."

भाऊ खुर्चीच्या कडेवर बसले. पडद्यावर चौकट आली : खात्री आहे का? त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि माउस दाबला. बाहेर ट्रान्सफॉर्मरचा सूर बदलला, पडद्यावरचा मेगावॉटचा आकडा शून्यावरून उठून वर चढायला लागला. मी इतक्या मोठ्याने टाळ्या वाजवल्या, की साहेब दचकले. भाऊ आकड्याकडे बघत नव्हते. मान तिरकी करून ते बाहेरचा सूर ऐकत होते.

"बराबर आहे," ते म्हणाले.

मग साहेबांनी नोंदवही पुढे सरकवली. कमांड कोणी दिली, हा त्यात एक अरुंद रकाना असतो. आम्ही तिथे घाईत दोन आद्याक्षरं खरडतो. भाऊंनी आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग वडिलांचं, मग आडनाव, सावकाश, एकेक अक्षर लावून. गावाचं नाव रकान्यात मावेना, म्हणून ते त्यांनी खालच्या ओळीत लिहिलं. ती ओळ माझ्या शिफ्टच्या नोंदीची होती. मी वही सरळ धरून उभी राहिले.