तुळशीरामभाऊंचा संडास

हार्डवेअरच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच घेऊन येतं. नळ घ्यायला आलेला माणूस आधी नळ मागतच नाही. घरात काय झालं ते सांगतो, तेही हातवारे करून! त्यातून संडासाचे किस्से सर्वांत जास्त. कारण तलावाच्या पाळीवर वाघ दिसल्यापासून ब्रह्मपुरीचा मिस्त्री आमच्या गावात येईना. फोनवरच सांगतो, "तुमीच करून घ्या भाऊ, बहुत सोप्पं हाये." आणि संडास बंद पडला की पहाटे जंगलाला लागून असलेल्या शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, जाणं आलं. त्यामुळे आमच्याकडची दुरुस्ती घाईची असते.

*

सगळ्यांत चांगला संडास तुळशीरामभाऊंचा. भाऊंनी तो स्वतःच्या हातांनी बांधला होता, अंगणात, दार थेट समोर. बायको वारलेली, मुलगा हैदराबादला बांधकामावर. घरात भाऊ आणि सून वनिता, दोघंच. तरी सून पहाटे धुऱ्यावरच जायची.

"सीटच खराब असन प्रमोद," भाऊ मला म्हणाले. "नवी दे. पांढरीफेक पाह्यजे."

सीट त्यांनी एका दिवसात बदलली. सून धुऱ्यावरच जात राहिली.

*

शेजारच्या गुरुजींनीही तशीच सीट नेली. सिमेंट वाळायला दोन दिवस हवेत म्हणून दारावर खडूनं लिहिलं, 'वापरू नये'. सकाळी त्यांची सत्तरीची आई आतून बाहेर आली आणि सीट डावीकडे कललेली!

"आई, दारावर लिवलं होतं ना!" गुरुजी ओरडले.

"मले वाचता आलं असतं तं मीच गुरुजी झाली असती! अन् वाघाले काय सांगू, दोन दिवस थांब म्हणून?"

सीट अजून तशीच आहे. अख्खं घर उजवीकडे जोर देऊन बसतं.

*

पंधरा दिवसांनी तुळशीरामभाऊ पुन्हा हजर. "आतमंदी नळ लावून देतो. बादली भरून न्या लागते, म्हणून कंटाळत असन पोरगी."

"तिलेच विचारा ना भाऊ," मी म्हटलं.

भाऊ माझ्याकडे असे बघत राहिले, की मीच लाजलो. "सुनेले असं विचारतेत का रे?"

पाइप, नळ, टेप, सगळं घेऊन गेले. जोडणी इतकी पक्की, की एक थेंब गळेना. सून मात्र धुऱ्यावर.

*

रामदासची काळजी वेगळी होती. खड्डा भरून जाईल! म्हणून त्यानं संडासाला कुलूपच घातलं. पाहुणा आला किंवा कोणी आजारी पडलं तरच उघडायचं. एका सकाळी धुऱ्यावर डरकाळी ऐकून त्याच्या घरची चार माणसं धावत आली. दाराला कुलूप, चावी रामदासच्या खिशात, आणि रामदास जीपमध्ये बसून ब्रह्मपुरीला गेलेला! बायकोनं कुऱ्हाड घेतली आणि दारच फोडलं.

दुसऱ्या दिवशी रामदास नवीन कुलूप मागायला आला. त्याच्याआधी त्याची बायको येऊन गेली होती. "त्याले कुलूप देशीन तं याद राख!"

"कुलपं संपली," मी रामदासला म्हटलं. माझ्या पाठीमागे डझनभर कुलपं टांगलेली होती. त्यानं ती नीट पाहून घेतली.

"बरं, मंग बिजागऱ्याच दे," म्हणाला.

*

माझ्या घरी तर माझीच करामत. वास येतो म्हणून मी खड्ड्याच्या हवेच्या पाइपावर टोपण ठोकलं. वास बाहेर जायचा बंद झाला आणि सरळ घरात शिरला! बायको शोभा नाकाला पदर लावून म्हणाली, "सामान दुसऱ्याले विकत जा. घरी लावू नोका."

मी टोपण काढत होतो, तेव्हाच तिनं वनिताचं सांगितलं. दोघी नदीवर कपडे धुवायला गेल्या होत्या.

"सीटचं नाई अन् नळाचं नाई. मामाजी दिवस उगायच्या आधीपासून संडासाच्या दारासमोरच खाट टाकून बसतेत. त्याईच्या डोळ्यादेखत आत कशी जाऊ, म्हणते थे."

एवढंच! खाट उचलून घराच्या मागे टाकली की झालं. सामान काहीच लागत नव्हतं.

"तुमी सांगा भाऊले," शोभा म्हणाली.

सांगतो म्हटलं. पण सुनेची असली गोष्ट सासऱ्याला सांगायची कशी, तीही बाहेरच्या माणसानं? रोज उद्यावर ढकललं. भ्यालो म्हणा, लाजलो म्हणा. आणि खोटं कशाला बोलू, गिऱ्हाईक परत परत येत होतं, त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं.

*

मग भाऊ बल्ब घ्यायला आले. "पहाटी आत अंधार रायते. भेत असन."

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि मी बल्ब होल्डरला लावून पेटवून दाखवला. भाऊ खूश झाले. "आता जाईन पोरगी," म्हणाले.

आठवड्यानं वनिता धुऱ्यावरून परत आली नाही. लोटा बांधावरच होता. गावकरी आणि वनखात्याचे गार्ड मिळून शोधायला गेलो. सापडली ती जंगलात बरीच आत. त्याबद्दल मी बोलत नाही.

तेरवी झाली आणि भाऊ दुकानात आले. स्टुलावर बसले. काही मागितलं नाही.

"शोभानं सांगतलं मले," म्हणाले. "मी अंगणात बसत होतो म्हणून."

मी काउंटर पुसायला घेतलं.

"तुले कवा सांगतलं होतं तिनं?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. "तुमी नळ नेला ना भाऊ, त्याच्यानंतर."

त्यांनी माझ्या मागच्या फळीवरचे खोके एकेक करून पाहिले.

"मंग तू मले बल्ब काऊन देल्ला?"