चारुदत्तची फॅमिली मीटिंग

चारुदत्तच्या पायाला भिंगरी होती. पुण्याहून अमेरिकेत एडिसनला आला आणि घर अमेरिकन करण्याच्या मागे हात धुऊन लागला. मुलीने बाबा नाही, डॅड म्हणायचं. पोळीभाजीसुद्धा काट्याचमच्याने खायची. त्याचं सगळ्यात लाडकं खूळ म्हणजे रविवारची फॅमिली मीटिंग, ऑफिसच्या ट्रेनिंगमधून उचललेली. सगळ्यांनी मोकळेपणाने बोलायचं, असा त्याचा हुकूम होता. बोलायचा मात्र तो एकटाच.

२००६ च्या त्या रविवारी त्याला बसवत नव्हतं. दूरच्या चँडलर शहरातल्या नोकरीला परस्पर होकार कळवून झाला होता, आणि आज ते घरात सांगायचं होतं. तेवढ्यात इशिता इतिहासाचं पुस्तक घेऊन आली. उद्या टेस्ट होती.

"विचार ना, डॅड."

चारुदत्तने घाईघाईने पान उलटलं. "रशियाच्या झार पीटरने सरदारांना काय करायला लावलं?"

"दाढ्या काढायला. नाही काढल्या तर टॅक्स. मग वेस्टर्न कपडे. त्यांची जुनी सभा मागे पडली आणि त्याने स्वतःच्या मर्जीतलं सिनेट नेमलं. देन, दलदलीत नवी राजधानी. सरदारांना ऑर्डर, तिथे घरं बांधा."

"आणि नंतरची राणी कॅथरीन?"

"फ्रेंच विचारवंतांना पत्रं लिहायची. बट तिच्या राज्यात जमिनीला बांधलेले भूदास शेतकरी आणखीच जखडले गेले."

"पुढे जायचं तर कुणीतरी रेटावंच लागतं," चारुदत्त म्हणाला आणि पुस्तक मिटून मोकळा झाला. "जूनमध्ये आपण चँडलरला शिफ्ट होतोय. मी हो म्हणून टाकलंय."

इशिता त्याच्याकडे बघत राहिली. "इट्स अ डेझर्ट, डॅड. पीटरने निदान पाणी असलेली जागा तरी शोधली."

त्याच्या बायकोला, उत्तराला, हसू फुटलं, पण लगेच विरलं. मग कुणीच बोलेना. चारुदत्त उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला. बायको भांडली असती तर त्याने तिला पटवलं असतं. या गप्प बसण्याचं काय करायचं ते त्याला कळेना. तो मनातून घाबरला.

"उत्तरा, तुला काय वाटतं?"

हा प्रश्न त्याने तिला लग्नानंतर पहिल्यांदाच विचारला होता.

"इथल्या लायब्ररीत मला आत्ता कुठे नोकरी लागलीय. मी इथेच राहणार," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय राहावं लागलं, तरी."