रशियन पेट्यांचं स्टेज

भिलाईत जुनी नाटकं कुठं कुठं व्हायची, ते नातीला पायी फिरून पाहायचं होतं. सिविक सेंटरमध्ये एका दुकानापुढे लाकडी पेटी फोडत होते. कोऱ्या पाइनच्या लाकडाचा वास आला आणि मी थांबलेच.

आमच्या पहिल्या स्टेजला हाच वास होता. तेव्हा इथला स्टील प्लांट उभा राहत होता. रशियन यंत्रांच्या पेट्या यायच्या, त्यांच्या फळ्या ठोकून विदर्भातल्या कामगारांनी क्वार्टरांमागच्या मैदानात स्टेज बांधलं. पहिल्याच नाटकात राणीचं काम करणाऱ्या माणसाची ऐनवेळी ड्यूटी लागली. नाटक बसवणारे माझे बाबा डोक्याला हात लावून बसले. आई म्हणाली, "मले सारं पाठ हाये. घरीच तं तालीम करून राहिले होते तुमी."

आई स्टेजवर आली ती तोंडापर्यंत पदर ओढूनच. पहिल्या रांगेत तिचे सासरे, माझे आबा, बसले होते. त्यांच्यापुढे ती उघड्या तोंडानं कशी उभी राहणार? भर दरबारात राणी घुंघट घेऊन गप्प. लोक हसू लागले.

आबा उठले. "सूनबाई, सून तू घरी हायेस. इथं रानी हायेस. पदर घे मांगं अन् बोल!"

आईनं पदर कमरेला खोचला. तिचा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत गेला. आबांचं ते बोलणं नाटकातलंच आहे, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

आम्ही चालत त्या मैदानात पोचलो. आता तिथं स्कूटर उभ्या असतात. नातीनं मोबाइल काढला. "आजी, स्टेज नक्की कुठं होतं?"

"स्टेज तिकडं," मी म्हटलं. "पन फोटो इथचा घे. आबा इथं उठले होते."