फुएन्सांतानं नाकारलेली भावजय

मे महिन्यात आमच्या कोर्दोबातली अंगणं पाहुण्यांसाठी उघडी असतात. माझी शेजारीण फुएन्सांता हिच्या अंगणाला तर रांग लागायची. भिंतभर निळ्या कुंड्या, त्यांत लालभडक फुलं. ती फुलवली होती तिच्या विधवा भावजयीनं, राफाएलानं. लांब काठीला डबा बांधून वरच्या कुंड्यांना पाणी घालता घालता वीस वर्षांत बाईचा खांदा कामातून गेला. फुएन्सांता बोलकी, म्हणून पाहुण्यांपुढं ती उभी राहायची.

त्या शनिवारी मीही तिथंच होते. माद्रिदच्या एका बाईनं विचारलं, "एवढं सगळं तुम्ही एकट्या करता?"

"करते की! हौस लागते हो."

तेवढ्यात राफाएला चिखलाच्या हातांनी बाहेर आली.

"आणि या कोण?"

"ती? कामाला येते," फुएन्सांता बोलून गेली.

राफाएलानं ऐकलं. माद्रिदच्या बाईकडं बघून हसली आणि आत गेली. मीही तोंड उघडलं नाही, हे कबूल करायला हवं.

दुपारी दार लागल्यावर फुएन्सांता माझ्याकडं आली. चेहरा उतरलेला.

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"कशी गं बोलले मी? जीभ का नाही झडली?"

"मला काय सांगतेस? तिला सांग."

"कोणत्या तोंडानं?"

शेवटी मीच तिला ओढत नेलं. राफाएला पाव कापत होती.

"वहिनी, चुकलं माझं."

"कामवालीची कसली माफी मागतेस? बस, जेवून घे."

फुएन्सांता बसली आणि पाव नुसता कुस्करत राहिली.

रविवारी ती दारातच उभी राहिली. येईल त्याला सांगू लागली, "हे अंगण माझ्या भावजयीचं. काल मी खोटं बोलले." लोकांना काही कळेना, एकजण तर थट्टा समजून हसला. माद्रिदची बाई सकाळच्याच गाडीनं परत गेली होती. राफाएला वरच्या सज्ज्यातून सगळं ऐकत होती, पण खाली आली नाही.

दोघी अजून एकाच ताटात जेवतात, भांडतात, हसतात. पण मे लागला की राफाएला मोंतोरोला बहिणीकडं जाते. "हवापालट गं," म्हणते. फुएन्सांता तिची पिशवी उचलून बसपर्यंत जाते. वाटेत "राहा ना" एवढं म्हणायचं तिच्या ओठांवर येतं, पण अजून एकदाही तिला ते म्हणवलेलं नाही.