ज्याच्या अंगणात बैल सुटले

दमणीवाले बाबा दुसऱ्याच्या अंगणात स्वतःचे बैल कधी सोडत नसत. दमणी, म्हणजे त्यांची हलकी बैलगाडी, दारासमोर उभी करायची, कासरे हातात धरायचे आणि गप्प बसून राहायचं. घरधन्यानं बाहेर येऊन बैलांच्या मानेवरचं जू आपल्या हातानं उतरवलं, की मगच ते खाली पाय ठेवत. उतरल्यावर मागे न पाहता हात वर करत, आणि तो हात धरून याडी उतरे. "जुंपाचं काम माह्यं, सोडाचं काम दोस्ताचं," असं ते म्हणत.

याडी म्हणजे त्यांची बायको. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. तिला मूल नव्हतं, तरी आमच्या गावातही सगळे तिला याडीच म्हणत. फुलसावंगीकडच्या एका तांड्यात त्यांचं थोडं शेत होतं. कापूस निघाला, होळी झाली, की दोघं दमणीवर तट्ट्याचं छप्पर बांधत, आत घागर, गोधड्या आणि चार भांडी ठेवत, आणि पैनगंगेच्या काठच्या सागाच्या जंगलातून दोस्तांना भेटायला निघत. बाबांच्या आजाचे बैल याच वाटेनं मिठाच्या गोण्या वाहत. त्या गोण्या कधीच संपल्या होत्या. मुक्कामाची घरं मात्र बाबांनी सोडली नव्हती, आणि नवी जोडलीही होती. भेटण्याशिवाय त्यांचं दुसरं काही काम नसे.

"दोस्त झोपला असन त बसा जू धरून सकाळलोक," याडी चिडवायची.

"तू उतर न मंग."

"मी कायले उतरू? मले काय माहेर हाय हे?" असं म्हणून तीही तशीच बसून राही.

माझ्या वडिलांची आणि बाबांची ओळख लाकूडतोडीच्या कामावर झाली होती. आम्ही बौद्ध झालो त्या साली गावातले बरेच लोक आमच्याकडे यायचे थांबले. होळीनंतर दमणी आली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, आमच्या दारासमोर उभी राहिली. वडील बाहेर गेले, पण जुवाला हात लावेनात.

"लोक पाहून राह्यले, दमणीवाले. तुमाले पुढच्या गावात तरास होईन."

बाबा म्हणाले, "बैल थकले न, दोस्त."

वडिलांनी जू उतरवलं. त्यानंतर ते बराच वेळ बैलांच्या मानेवरून हात फिरवत राहिले. त्या दिवशी जेवताना मी त्यांना हसताना पाहिलं.

मॅट्रिकनंतर मला आर्णीला मामांकडे जायचं होतं, तेव्हा मी त्या दोघांबरोबर दमणीतून गेलो. वाटेत एका गावात बाबांनी नेहमीच्या घरासमोर दमणी थांबवली. थोरला मुलगा बाहेर आला. वडील पावसाळ्यातच वारल्याचं त्यानं सांगितलं. मुलगा चांगला होता. त्यानं चहा आणवला आणि म्हणाला, "बैल सोडून घ्या न बाबा, मोकळी जागा हाय."

बाबांनी दमणीत बसूनच चहा घेतला. कप परत दिला, दोस्ताबद्दल दोन शब्द बोलले आणि बैल हाकले. गाव मागे पडल्यावर याडी म्हणाली, "त्याले कोनं सांगितलंच नसन."

मी भीत भीत म्हणालो, "मग तुमीच सांगा न."

"मांगून मुक्काम करा लागते तो धरमशाळेत बापू, दोस्ताच्या घरी नाई," बाबा म्हणाले. पुढे आर्णीपर्यंत मोहाची फुलं गळत होती, आणि एरवी ती वेचायला दमणी थांबवायला लावणारी याडी त्या दिवशी तशीच बसून होती.

पुढे मी पुसदला कॉलेजात गेलो. तिथं असतानाच माझे वडील गेले. गावातलं घर बंद करून आई मामांकडे राहायला गेली. त्याच हिवाळ्यात याडी गेल्याचंही मला कोणाकडून तरी कळलं. होळी झाल्यावर एका सकाळी माझ्या खोलीच्या गल्लीत गलका ऐकू आला. खिडकीतून पाहिलं, तर गल्ली अडवून दमणी उभी होती. मागे टांगेवाला ओरडत होता, घरमालक हातवारे करत होता, आणि बाबा कासरे धरून समोर पाहत बसले होते. फार वाळले होते. मी बाहेर गेलो, तर मला पाहूनही उतरले नाहीत.

"घर बंद दिसलं," ते म्हणाले. "म्हटलं, दोस्ताचा पोरगा पुसदले हाय, पाहून तं यावं. यंदा बैल कोठीच सुटले नाईत रे."

मी पुढे झालो. हे काम मी कधी केलं नव्हतं, गाठी लवकर सुटेनात, टांगेवाला हसलाही. पण जू उतरलं. बाबा खाली आले आणि सवयीनं, मागे न पाहता, त्यांनी हात वर केला. तो हात तसाच राहिला. मग त्यांनी त्याच हातानं दमणीतली घागर खाली घेतली.

"कोनं शिकवलं तुले?"

"माह्या बापाले करतानी पाह्यलं होतं."

"हं," ते म्हणाले. "पानी पाज त्यायले."

ते एक मुक्काम राहिले. माझ्या पुस्तकांकडे पाहून एवढंच म्हणाले, "लय शीक. पन दार उघडं ठेव." सकाळी त्यांनीच बैल जुंपले, ते काम त्यांचं होतं. त्यानंतर दमणी आली नाही. होळी झाली की मी काही दिवस खिडकी उघडी ठेवून अभ्यास करायचो. मग तांड्याकडच्या एका मुलानं बाबा गेल्याचं सांगितलं.

परवा एका वर्गमित्राच्या घरी गेलो होतो. सगळे आनंदानं बस म्हणाले, पिशवी ठेव कुठंही म्हणाले. तरी ती कोणी येऊन माझ्या हातातून उतरवून घेईल याची वाट पाहत मी बराच वेळ दारातच उभा होतो.